सासूबाईंची डीव्हीडी आणि आमचा लिनक्स



लग्नाच्या, बारशाच्या, पारण्याच्या डीव्हीडी तुमच्याही कपाटात पडून असतील. त्या अजून चालतात का, हे एकदा लावून बघा. आमच्याकडे सासूबाईंच्या पंचाहत्तरीची डीव्हीडी आहे, 2008 सालची. त्या 2013 मध्ये गेल्या. त्यांचा आवाज दुसऱ्या कशातही नाही, कारण तेव्हा फोनवर शूटिंग करायची सवय कुणालाच नव्हती. दिवाळीला नातवंडं जमणार होती म्हणून ती डीव्हीडी लावली, तर ड्राइव्ह नुसता घरघरला, दिवा लुकलुकला आणि पडद्यावर काहीच आलं नाही.

आमचा कॉम्प्युटर मुलाचा जुना आहे. भाच्याने त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं, त्याला चार वर्षं झाली. दुरुस्तीवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, "काकू, लिनक्सवर असंच होतं, विंडोज टाका." ड्राइव्ह उघडून न बघता, दुसरी चकती न लावता दिलेला हा निकाल मला पटला नाही. मी बी.कॉम. आहे. ट्रायल बॅलन्स जुळला नाही म्हणून सगळी वही फाडून नवी आणा, असं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. फरकाला 9 ने भाग जातो का ते आधी बघायचं. जात असेल तर कुठेतरी आकडे उलटसुलट लिहिले गेले असण्याची शक्यता असते. म्हणजे चूक कुठल्या पानावर आहे ते आधी शोधायचं.

इथे पानं तीन होती: सॉफ्टवेअर, ड्राइव्ह आणि चकती. भाचा फोनवर होता. टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत त्याने "एलएसबीएलके" असं लिहायला सांगितलं. यादीत "एसआर-शून्य" दिसलं, म्हणजे कॉम्प्युटरला ड्राइव्ह दिसत होता. मग "डीमेसेज" लिहिलं. ही कॉम्प्युटरची रोजकीर्द म्हणा ना, आत काय घडलं ते ओळीओळीने लिहिलेलं असतं. त्यात एसआर-शून्यच्या नावावर वाचनाच्या चुकांची रांग लागली होती. सॉफ्टवेअर बिचारं वाचायला सांगत होतं, खालूनच काही येत नव्हतं.

मग चकत्या बदलून पाहिल्या. गाण्यांची सीडी व्यवस्थित वाजली. सिनेमाची डीव्हीडी चालली नाही, पण तेवढ्यावरून ड्राइव्हला दोष देता येत नाही. विकतच्या सिनेमांना बहुधा कुलूप असतं आणि लिनक्सवर ते उघडायला एक जादा पॅकेज घालावं लागतं. म्हणून बिनकुलपाची डीव्हीडी हवी होती. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर पूर्वी फुकट यायची तशी एक रद्दीत सापडली (आमचे हे काही टाकू देत नाहीत, ते असं कामी येतं). तीही अडकली. सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही, हे मला विचित्र वाटलं होतं. पण बहुतेक ड्राइव्हमध्ये लेझर दोन असतात: सीडीला 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीला 650 चा. एक थकला तरी दुसरा चालू राहतो. भाच्याने रविवारी येऊन केबल बदलली, भिंग स्पिरिटच्या बोळ्याने अलगद पुसलं. फरक पडला नाही. ड्राइव्ह गेला होता.

शेजारणीकडून यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह आणला. मासिकाची डीव्हीडी लगेच उघडली. सासूबाईंचीही उघडली, आणि 41व्या मिनिटाला थिजली.

म्हणजे चुका दोन होत्या. हिशेबातही हेच सगळ्यात त्रासाचं, एक सापडली की माणूस पेन खाली ठेवतो. स्टुडिओत लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती रंगाच्या थरावर असते आणि ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो थर खराब होतो. सिनेमाची चकती साच्यात दाबलेली, ती जास्त टिकते. आमची नऊ वर्षं पश्चिमेच्या खिडकीशी उभी होती.

आता पुन्हापुन्हा लावून बघणं बंद केलं आणि "डीडीरेस्क्यू" नावाचा फुकटचा प्रोग्राम घातला. तो चकतीची जशीच्या तशी नक्कल हार्डडिस्कवर उतरवतो. सोपे भाग आधी घेतो, अडलेले मागे ठेवतो, मग त्यांच्याकडे परत वळतो. कुठला तुकडा मिळाला, कुठला राहिला, याची नोंद एका छोट्या फाइलीत ठेवतो. रात्रभर चालवला. सकाळी 38 मेगाबाइट राहिले होते.

त्या नोंदीच्या फाइलीचा खरा उपयोग पुढे झाला. स्टुडिओवाल्याने एकाच मास्टरवरून तीन डीव्हीडी काढल्या होत्या, त्यातली एक कोल्हापूरला वन्संकडे. त्यांनी कुरियरने पाठवली. तिलाही ओरखडे होते, पण दोन्ही चकत्या नेमक्या एकाच जागी कशाला खराब होतील? तीच नोंद आणि तीच नक्कल पुढे ठेवून दुसरी चकती लावली, तर प्रोग्रामने फक्त राहिलेले तुकडे तिच्यातून उचलले. शेवटी एक मेगाबाइटही उरलं नाही. 41व्या मिनिटाला आता क्षणभर चौकोन दिसतात, तेवढंच.

पुसायची वेळ आली तर चकती मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. आणि नक्कल दोन ठिकाणी ठेवा. आमची एक हार्डडिस्कवर आहे, एक पेन ड्राइव्हवर वन्संकडे गेली.

पेन ड्राइव्ह पोचायच्या आधीच त्यांचा फोन आला. "वहिनी, आई मला स्वयंपाकघरातून हाक मारते, तो भाग आलाय का?"

"आलाय वन्सं. 52व्या मिनिटाला."