रिटेक नसलेला बाजार

मे महिन्यात पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हापूसची पेटी टेम्पोतून उतरते, हमालाच्या पाठीवरून गाळ्यात येते, झाकण निघतं, पेंढ्यातून एक फळ वर येतं, हातात फिरतं आणि भाव ठरतो. पेट्या शेकडो असल्या तरी तोच चेहरा आणि तोच सौदा पुन्हा मिळत नाही. उन्हाळी सुट्टीत व्हिडिओ-निर्मिती शिकू पाहणाऱ्या मुलांनी इंटर्नशिपसाठी अशाच जागी जावं, असं मला ठामपणे वाटतं. कॅमेऱ्याची कळ कुठली हे एका दुपारी समजतं; ती कधी दाबायची हे न थांबणारं कामच शिकवतं. बाहेर निळसर उजाडत असतं आणि आत दिव्यांचा उजेड असतो. दारातून आत जाणाऱ्या हमालामागे कॅमेरा गेला, की त्या चार पावलांत रंग बदलतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे कित्येक दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही, की चित्रावर काळसर पट्टे सरकू लागतात. पुस्तकात ही माहिती एका ओळीची आहे. पट्ट्यांनी खराब झालेला सौदा संकलनाच्या टेबलावर पाहिला, की ती ओळ जन्मात विसरत नाही. आवाजाचंही तसंच: आडत्याची बोली, हातगाडीचा खडखडाट आणि वाट मागणारी हाळी यांतून एका माणसाचं बोलणं वेगळं काढायचं, तर माइक त्याच्या कॉलरपाशीच हवा.

असं थेट कामातून शिकणं म्हणजे शास्त्र सोडून दिल्यासारखं वाटेल, पण मराठी सिनेमा उभा राहिला तो याच रीतीने. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली, तो त्यांचा सराव होता. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडेल ते काम करत घडली. त्यांनी इतर सहकाऱ्यांसह 1929 साली ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढली, ती 1933 साली पुण्यात आणली, आणि दामले-फत्तेलालांचा 1936 सालचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. कुणी म्हणेल, तो काळ वेगळा होता. तेव्हा शाळाच नव्हत्या. खरं आहे. पण 1960 साली पुण्यात चित्रपटाची सरकारी शाळा निघाली तीही प्रभातच्याच आवारात, चालत्या कामाची सवय असलेल्या स्टुडिओत. सिद्धान्त हवाच, तो हातून चूक घडल्यावर अधिक लवकर पटतो, इतकंच माझं म्हणणं.

खरा गंभीर आक्षेप दुसरा आहे: शिकण्याच्या नावाखाली मुलांना फुकट राबवलं जातं. स्टँड वाहायचे, रात्री कार्डांवरचं चित्रण डिस्कवर उतरवायचं, आणि हातात एक प्रमाणपत्र. या आक्षेपाचं उत्तर मार्केट यार्डातच आहे. इथल्या पाठीवरच्या ओझ्याला भाव आहे, त्याला हमाली म्हणतात. तो भाव आणि त्यामागची सुरक्षा आपोआप आलेली नाही. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटना लढल्या, 1969 साली माथाडी कायदा झाला. घामाचा हिशेब मागायला जिथे माणसं शिकली, तिथेच विद्यार्थ्याचे श्रम बिनमोल धरायचे हे मला मान्य नाही. त्याला मानधन मिळावं, श्रेयनामावलीत नाव यावं, आणि जाणत्या माणसाने रोज त्याच्यासोबत बसून दिवसभराचं चित्रण पाहावं. या तिसऱ्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त अडून बसेन, कारण ती नसेल तर उरतं ते निव्वळ ओझं.

मोबाइलवर हल्ली सगळेच शूट करतात, मग इतकी यातायात कशाला, असंही विचारलं जातं. मोबाइल जरूर वापरावा. मात्र हमालाचा चेहरा टिपण्याआधी त्याला विचारावं, त्याची वाट अडवू नये, आणि तयार झालेली फिल्म त्याच गाळ्यात त्याला दाखवावी. आपल्या पाठीवरची पेटी पडद्यावर किती हलकी दिसते आहे, हे तोच सांगू शकेल.