हजेरीचे २ गुण

कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल पाहत वाढलो. त्यामुळे इंग्लंडच्या प्रीमियर लीगवरील ‘फँटसी’चे वेड लागले यात नवल नाही. १० कोटी पौंडांत (लटकेच हो, खेळ फुकट आहे!) १५ खेळाडू घ्यायचे, एका संघातले फार तर ३. नवखा गडी निम्मी रक्कम चार नामवंतांवर उधळतो. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली जातात. हजेरी नाही तर मजुरी नाही. इथेही तसेच. ६० मिनिटे खेळला की २ गुण, उतरलाच नाही तर शून्य. म्हणून स्वस्त पण प्रत्येक सामना खेळणारे बचावपटू आधी हेरा. कर्णधार मात्र खुशाल महागडा करा, त्याचे गुण दुप्पट होतात.

वडिलांना हे समजावले. म्हणाले, “आन् पाय मोडला त्येचा तर?”

“मला शून्य. त्याचा पगार चालू राहतो.”

“बरं हाय त्येचं.”