आपण हरलो म्हणजे नेमकं कोण हरलं?

मोठी मॅच झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात हरलेल्या कॅप्टनचा फोटो येतो. मान खाली, हात कमरेवर. प्रशिक्षक काय म्हणाले तेही येतं. पण त्या रात्री स्टेडियमच्या पायऱ्या उतरून घरी गेलेल्या हजारो माणसांचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी छापत नाही. या माणसांनी चेंडूला पायही लावलेला नसतो. त्यांचा पगार कापला जात नाही की संघातली जागा जात नाही. तरीही त्यांना जेवण जात नाही. घरातली शहाणी माणसं म्हणतात, ‘‘एवढं काय मेलं त्यात? बावीस जण एका चेंडूमागे धावतात आणि तुम्ही रडता!’’

ज्यांच्या घरात असा एखादा नग आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी स्वतः तसलाच नग आहे.

माझा जन्म बंगळुरूचा. बाबा मूळचे गिरगावातले. १९८४ साली विमान कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथे आले आणि कायमचे राहिले. आई मडगावची. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, आईचा माहेरी फोन लागला की कोंकणी. बाबा कन्नड चांगलं बोलतात, भाजीवाल्याशी तर घासाघीसही कन्नडातच करतात. पण एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. बंगळुरूच्या कुठल्याही टीमला ते ‘आपण’ म्हणाले नाहीत. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत ही केवढी सोय आहे पाहा! ‘आम्ही’मध्ये समोरचा नसतो, ‘आपण’मध्ये तो येऊन बसतो. बाबांचं ‘आपण’ म्हणजे मुंबई. जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरला रणजीचा अंतिम सामना झाला. कर्नाटकासमोर ३३८ धावांचं लक्ष्य होतं. मनीष पांडेने १४४ धावा केल्या आणि तरीही कर्नाटक अवघ्या सहा धावांनी हरलं. मी तेव्हा कॉलेजात होते, पांडेच्या बाजूने घसा कोरडा करत होते. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, ‘‘आपण जिंकलो.’’ त्या ‘आपण’मध्ये मी नव्हते. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

हरणं म्हणजे काय हे बाबांना ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. मार्च १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीच्या शेवटच्या दिवशी रजा टाकून ते चिन्नास्वामीवर गेले होते. जिंकायला २२१ हव्या होत्या. खेळपट्टी हातभर वळत होती आणि सुनील गावसकर एका बाजूने उभे होते. ९६ वर असताना इक्बाल कासिमचा एक चेंडू उडाला आणि स्लिपमध्ये झेल गेला. शेवटी बंगळुरूचाच रॉजर बिन्नी बाद झाला आणि भारत १६ धावांनी हरला. गावसकरांचा तो शेवटचा कसोटी डाव. आई सांगते, त्या रात्री बाबा जेवले नाहीत. पुढे कितीतरी वर्षं, कुणी विषय काढला की ते पंजा उपडा करत आणि झटकन वर नेऊन दाखवत, ‘‘तो चेंडू असा उडाला!’’ आमटी वाढतानासुद्धा.

त्यामुळे मी फुटबॉलच्या नादी लागले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं ते माझ्या वेडाचं नव्हे, तर खेळाचं. फुटबॉलवेडे मराठी लोक म्हटलं की कोल्हापूर आठवतं. तालमींच्या मॅच आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना मी काय सांगावं! पण बंगळुरूचं फुटबॉलही जुनं आहे. कॅन्टोन्मेंटमधल्या गोऱ्या पलटणींच्या खेळातून ऑस्टिन टाऊन, मर्फी टाऊन, गौतमपुरम या वस्त्यांत ते भिनलं. १९३७ आणि १९३८ अशी लागोपाठ दोन वर्षं बंगळुरू मुस्लिम्स या संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकून नेला होता. आमच्या वाट्याला आला तो २०१३ साली स्थापन झालेला बेंगळुरू एफसी. निळा शर्ट, कॅप्टन सुनील छेत्री. पहिल्याच मोसमात त्यांनी आय-लीग जिंकली, २०१६ मध्ये पुन्हा जिंकली. शिवाय दोनदा फेडरेशन कप. पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये गाणी म्हणत उभ्या राहणाऱ्या ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’च्या गर्दीत मी कधी मिसळले, मलाच कळलं नाही. तिथे तमिळ, मल्याळी, बंगाली, ईशान्येकडची मुलं, सगळे होते. कुणी कुणाला ‘मूळ गाव कुठलं’ असं विचारत नव्हतं. बंगळुरूत जन्मून मला हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागला असेल, याचा हिशेब नाही.

मग आला २०१७-१८चा मोसम. इंडियन सुपर लीगमधला बेंगळुरूचा पहिलाच. अठरा सामन्यांत ४० गुण, पहिला नंबर. दुसऱ्या क्रमांकावरच्या चेन्नईयिनचे ३२. उपांत्य फेरीत गाठ पडली ती एफसी पुणे सिटीशी. पुण्यात गोलशून्य बरोबरी, इकडे छेत्रीची हॅटट्रिक आणि ३-१. पुण्याच्या आत्तेभावाने फोनवरच ठणकावलं, ‘‘मराठी असून पुण्याविरुद्ध ओरडतेस?’’ मी ओरडले होते, आणि चांगलीच ओरडले होते.

अंतिम सामना १७ मार्च २०१८, शनिवारी, आमच्याच कंठीरव स्टेडियमवर. समोर चेन्नई. आधीच्याच महिन्यात कावेरीच्या पाण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागलेला, तेव्हा ऑफिसात दोन्ही बाजूंची थट्टा जरा जपूनच चालली होती. खरं सांगते, आपण हरू शकतो हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. नवव्याच मिनिटाला उदांताचा क्रॉस आला आणि छेत्रीने अंग झोकून देत हेडर मारला. गोल! शेजारच्या अनोळखी बाईंनी मला मिठी मारली, त्यांच्या हातातला पॉपकॉर्न माझ्या केसांत.

सतराव्या मिनिटाला चेन्नईला कॉर्नर मिळाला. नेल्सनने चेंडू टाकला, मेलसन आल्वेस उंच उडाला, हेडर, १-१. ठीक आहे, होतं असं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा कॉर्नर. पुन्हा नेल्सन. पुन्हा आल्वेसचंच डोकं. १-२.

तुम्हाला फुटबॉल कळत नसेल तर एवढंच सांगते. चोर एका रात्री खिडकीतून आला, तर तो चोराचा पराक्रम. तो पुन्हा त्याच खिडकीतून आला, तर घरच्यांचं काय करायचं? अठरा सामन्यांची मेहनत आणि आठ गुणांची आघाडी एकीकडे, आणि दुसरीकडे त्याच माणसाची उडी दोनदा. सदुसष्टाव्या मिनिटाला राफेल ऑगस्टोने दुरून मारलेला फटका आत गेला तेव्हा स्टेडियम असं गप्प झालं की चेन्नईहून आलेल्या मूठभर लोकांचा आवाज आमच्या स्टँडपर्यंत स्पष्ट ऐकू यायला लागला. भरपाई वेळेत मिकूने एक गोल परत केला. ती तर अधिकच क्रूर गोष्ट. सरळ हरवा ना! शेवटच्या दोन मिनिटांपुरती आशा कशाला दाखवता?

३-२.

कब्बन पार्क स्टेशनपर्यंत आम्ही शेकडो निळे शर्टवाले मुकाट चालत गेलो. मेट्रोत एक सात-आठ वर्षांचा मुलगा वडिलांच्या मांडीवर हुंदके देत होता. वडील त्याची समजूत घालत नव्हते, नुसते पाठीवरून हात फिरवत होते. त्यांचेही डोळे लाल होते. इंदिरानगरला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने माझा शर्ट पाहिला आणि मीटरवर एक रुपया जास्त न मागता नेलं. बंगळुरूत राहणाऱ्यांना यातलं मोल कळेल!

त्या रात्री झोप आली नाही तेव्हा मी पुष्कळ विचार केला. खेळाडूंना दुःख आमच्यापेक्षा जास्तच होत असणार. पण त्यांना त्या दुःखाचं काहीतरी करता येतं. सुट्टी संपली की मैदानावर जायचं, शंभर वेळा कॉर्नर अडवायचा सराव करायचा, घाम गाळायचा. आमच्या हातात काय आहे? जिंकताना आम्ही नुसते पाहत होतो आणि हरतानाही नुसते पाहत होतो. ज्याच्या हातून काही घडलंच नाही, त्याने प्रायश्चित्त तरी कशाचं घ्यायचं? म्हणून आपण तेच तेच उगाळत बसतो. आल्वेसला कुणी धरलं का नाही? चेंडू मुळात कॉर्नरला गेलाच कसा? मला वाटतं, चाहत्याचं दुःख लहान असतं, पण त्याला जायला वाटच नसते. म्हणून ते घरभर फिरतं.

साडेअकराला मडगावच्या मावशीचा फोन आला. ती आयुष्यभर फातोर्ड्याच्या स्टेडियमच्या हाकेवर राहिलेली, एफसी गोवाची कट्टर. ‘‘रडून घे गो बाय,’’ म्हणाली, ‘‘आमचं पंधरा साली काय झालं होतं आठव.’’ आठवत होतं. २० डिसेंबर २०१५, अंतिम सामना फातोर्ड्यालाच, समोर हीच चेन्नई. सत्याऐंशीव्या मिनिटाला गोवा २-१ने पुढे गेला. लोकांनी फटाके हातात घेतले असतील नसतील, तोच शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाल्ले, त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात गेलेला. तिथेही ३-२. मावशीने ‘पुढच्या वर्षी जिंकाल’ वगैरे काही म्हटलं नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. तिने फक्त सांगितलं की ती रात्री दोनपर्यंत भांडी घासत होती. ‘‘घासलेलीच परत घासली. पण बरं वाटलं बघ.’’

दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, गुढीपाडवा होता. कर्नाटकातही तोच दिवस, युगादी. आमच्या घरी दोन्ही पद्धती चालतात. गुढीही उभारतो आणि शेजारच्या काकू पाठवतात तो कडुनिंब आणि गूळ, म्हणजे बेवु-बेल्ला, तोही खातो. डोळे सुजलेले, तशीच मी टेबलाशी येऊन बसले. सणाच्या दिवशी असं तोंड घेऊन बसल्याबद्दल आई काहीतरी बोलणार हे ठरलेलंच होतं. पण त्याआधी बाबांनी बशीतला कडुनिंबाचा एक डहाळा उचलला, मिठाची बाटली पुढे ओढली, तिच्यासमोर गुळाचे चार खडे मांडले आणि म्हणाले,

‘‘हा गोल. हे आपले लोक. कॉर्नर इथून आला. मग हा मधला माणूस मोकळा कसा? आपण एकच गोल दोनदा खाल्ला!’’

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आदल्या रात्री मी निघताना ते ‘तुमची मॅच किती वाजता संपेल?’ असं विचारत होते. तुमची! आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, ‘‘शेवटपर्यंत पाहिली त्यांनी. मिकूचा गोल झाला तेव्हा उभे राहिले होते.’’

बाबांनी गुळाचा एक खडा मागे सरकवला, तिथे कडुनिंब ठेवला, मान हलवली. मग म्हणाले, ‘‘काल तारीख काय होती माहीत आहे ना?’’

‘‘सतरा.’’

‘‘सतरा मार्च. गावसकर आउट झाला तीच तारीख. एकतीस वर्षं झाली. कब्बन पार्कच्या त्या बाजूला ते, या बाजूला हे.’’ आणि सवयीने त्यांचा पंजा उपडा झाला, वर गेला. पण या वेळी ‘तो चेंडू असा उडाला’ असं न म्हणता ते म्हणाले, ‘‘तो आल्वेस असा उडाला.’’

चौतीस वर्षं ज्या गावाचं पाणी प्यायले, त्या गावाला बाबा पहिल्यांदा ‘आपण’ म्हणाले ते हरल्यावर. जिंकलो असतो तर म्हणाले असते का? मला शंका आहे. गुळाचे खडे त्यांनी परत बशीत टाकले आणि आम्ही दोघांनी कडुनिंब खाल्ला. मिठाच्या बाटलीला चिकटलेली पानं आईने पुसून काढली, कुरकुरत.

बेंगळुरूने पुढेही रडवलं. २०२३च्या अंतिम सामन्यात, फातोर्ड्याला, पेनल्टींवर हरलो. २०२५मध्ये कोलकात्याला जादा वेळेत हरलो. छेत्री दोन्हींत होता. बाबा आता टीव्हीसमोर माझ्याआधी बसतात आणि कॉर्नर मिळाला की ‘‘मधल्याला धरा रे’’ म्हणून ओरडतात. पण जिंकलो त्याची गोष्ट सांगायची राहिली.

२०१९च्या मोसमापर्यंत मी नोकरीसाठी मुंबईला आले होते. अंतिम सामना अंधेरीला होता आणि तारीख, तुम्ही ओळखलीच असेल, १७ मार्च. समोर मावशीचा एफसी गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत गोव्याचा एक खेळाडू मैदानाबाहेर गेला, तरी ते तगून राहिले. एकशे सतराव्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. दिमास देलगादोने चेंडू टाकला आणि राहुल भेकेने, आमच्या मुंबईच्या पोराने, डोक्याने तो आत ढकलला. कॉर्नर आणि हेडर! मी किती उड्या मारल्या ते विचारू नका. बाबांना फोन लावला. मागे आईचा आवाज येत होता. बाबा हसत होते, पण पहिलं वाक्य त्यांचं असं, ‘‘मावशीला फोन केलास का?’’

केला. वाजत राहिला. दोनदा, तीनदा. मडगावच्या त्या स्वयंपाकघरात नळ सुरू असणार, हे मला दिसत होतं.

सकाळी साडेसातला तिचाच फोन आला. ‘अभिनंदन’ नाही, ‘काय गो कशी आहेस’ नाही. आवाज बसलेला.

‘‘त्या भेकेला धरायला आमच्यातला कोणीच नव्हता का गो?’’