निवळलेलं पाणी

आम्ही सांगलीची माणसं कृष्णेत पोहायला शिकलो. पावसाळ्यात आयर्विन पुलाखालून तांबडंलाल पाणी धावतं. त्यात डोळे उघडले तरी स्वतःचा हात दिसत नाही. बुडी म्हणजे दम कोंडणं. खाली काही बघायचं असतं, हे आमच्या गावीही नव्हतं.

मालवणला समुद्रात उतरताना पाठीवर सिलिंडर चढला आणि पहिलीच ताकीद उलटी मिळाली: दम कोंडायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथली हवा छातीत कोंडून वर आलं, तर ती फुगत जाते, फुप्फुस फाटू शकतं. म्हणून सावकाश श्वास घेत, सोडत राहायचं.

दिवाळी नुकतीच सरली होती, पाणी पुरतं निवळलं नव्हतं. हिरवट धूसरातून आधी खडक आले, मग काळ्या पट्ट्यांचे मासे, मग प्रवाळ. त्यातला गोनिओपोरा भरदिवसा फुलला होता. लांब देठांवर इवले जीव, एकेकाला चोवीस शुंड, सगळे लाटेबरोबर झुलणारे. हात मी आवरला होता. पण पायातल्या फिनने ढवळलेलं पाणी त्यांना लागलं, आणि बघता बघता सगळे मिटून आत गेले. मागे उरला नुसता दगड. ते पुन्हा उमलेपर्यंत तिथून हलवेना.

या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न रांधतं आणि त्यावर प्रवाळ पोसतं. पाणी फार तापलं की शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं. पाणी गढुळलं की ऊनच अडतं. म्हणजे सह्याद्रीच्या उतारावर झाडं तुटतात, माती सुटते, कर्ली आणि गड नद्या ती खाली आणतात, आणि उपासमार इथे होते. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार आहे, अँग्रिया बँक. माथा वीसेक मीटर खोल, तरी तिथे प्रवाळ बहरतं, कारण किनाऱ्याचा गाळ तिथवर जात नाही.

आमची कृष्णा पूर्वेला जाते. पण तिला मिळणाऱ्या साताऱ्याच्या कोयनेचं धरणात अडवलेलं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीतून दाभोळला याच समुद्राला मिळतं. घाटावरच्यांनी हा समुद्र परका मानू नये, असं मला मनापासून वाटतं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं. पुढच्या खेपेला थंडी मुरल्यावर जायचं, आणि होडी सुटण्याआधीच सांगायचं: दादा, नांगर वाळूत टाका, प्रवाळावर नको.