डोमकळी

वसतिगृहात माझ्या पुस्तकांचं नाव होतं. व्याख्येला पिवळा रंग, कारणांना हिरवा, उदाहरणांना गुलाबी आणि महत्त्वाच्या ओळीखाली पट्टी धरून लाल रेघ. अकोल्याला मी कृषी शाखेत शिकत होतो. परीक्षा जवळ आली की माझ्या नोट्सच्या झेरॉक्स निघायच्या. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५च्या वर जातो, कूलरमध्ये पाणी टिकत नाही, तरी मी दुपारभर टेबलावरून उठत नसे. माझ्याइतकं कुणी बसत नव्हतं, हे खरं आहे. पण त्या वेळात मी नेमकं काय करत होतो, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही.

मी वाचत होतो, आणि तेच पुन्हा वाचत होतो. दुसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटायचं. तिसऱ्यांदा पुढची ओळ डोळ्यांच्या आधी मनात यायची. पान ओळखीचं झालं म्हणजे विषय आला, असं मी धरून चाललो होतो. आदल्या रात्री वाचलेलं सकाळी पेपरात उतरवता यायचं, गुणही मिळायचे. त्यामुळे शंका घ्यायला काही कारण नव्हतं.

२०१७च्या दसऱ्याला मी घरी गेलो. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे सगळी शेती पावसावर. बाबा मला कपाशीत घेऊन गेले. पऱ्हाटी कमरेच्या वर आली होती, फुलं-पात्या भरपूर. एका झाडापाशी थांबून त्यांनी एक फूल माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, “हे फूल उमलून नाही राह्यलं. काऊन रे?”

पाकळ्या एकमेकींत गुंतून मिटल्या होत्या. गुलाबाची न उमललेली कळी असते तसं ते दिसत होतं. मी हातात घेऊन पाहिलं आणि सांगितलं की वातावरण ढगाळ आहे, ऊन पडलं की उमलेल. बाबांनी मान हलवली. शिकलेल्या मुलानं सांगितलं होतं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ती डोमकळी होती. गुलाबी बोंडअळीची लहान अळी पातीत शिरते, आतून धागे काढून पाकळ्या बांधते, म्हणून फूल उमलत नाही. पुढच्या पिढ्या बोंडात शिरतात. शिरल्यावर बोंडाचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं आणि फवारा आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. म्हणून लवकर ओळखायची खूण ती हीच. डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या, हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायचे, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायचा. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत याच प्रश्नाला मला चांगले गुण होते. पुस्तकातल्या त्या परिच्छेदाला मी पिवळा रंग दिला होता आणि ‘डोमकळी’ या शब्दाखाली दोनदा लाल रेघ मारली होती. फूल हातात होतं तेव्हा त्यातलं काही मला आठवलं नाही.

पहिली वेचणी बरी झाली. दुसऱ्या वेचणीला बोंडं नीट फुटेनात. फोडून पाहिली तर आत अळ्या, सरकीला सरकी चिकटलेली, रुई पिवळी पडलेली. बराच माल कवडीत गेला. वेचणीचा खर्च निघेना, म्हणून तिसरी वेचणी न करता पऱ्हाटी उपटावी लागली. त्या वर्षी विदर्भात सगळीकडेच हे झालं. बीटी बियाणं गुलाबी बोंडअळीला रोखेनासं झालं होतं. आमचं एक शेत मी वेळेत ओळखलं असतं तर सगळं वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. पण निदान सापळे लागले असते, बाबांना चार आठवडे आधी कळलं असतं आणि आंधळेपणानं केलेल्या फवारण्यांचे पैसे वाचले असते. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर मेले. बाबाही त्या वेळी पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत फिरत होते. ते मला आजही आठवतं आणि भीती वाटते.

यातून मी लगेच शहाणा झालो नाही. शेताशी माझा संबंध कमी पडला, एवढाच अर्थ मी काढला. वाचण्याच्या पद्धतीत खोट आहे हे लक्षात यायला आणखी काही वर्षं गेली, आणि ती अमरावतीत गेली. पदवीनंतर मी राज्यसेवेच्या तयारीला लागलो. गाडगेनगरच्या बाजूला खोली, जवळच अभ्यासिका. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक दिवा, आणि किती तास बसलो याची रोजची मोजणी. रंगीत पेनं मी सोबत आणलीच होती. मुख्य परीक्षा तेव्हा बहुतांशी बहुपर्यायी होती. चार पर्यायांपैकी एक ओळखायचा असला की ओळखीवर बऱ्यापैकी निभावतं, पण थोडक्यात हुकतं. मी प्रत्येक वेळी थोडक्यात हुकलो आणि प्रत्येक वेळी तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. घरून पैसे येत होते. ते कोणत्या शेतातून येत होते ते मला माहीत होतं.

शेजारच्या कप्प्यात एक ताई बसायच्या. त्या पान वाचून पुस्तक पालथं घालायच्या आणि पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहायच्या. लिहून झालं की पुस्तक उघडून चुका खोडायच्या. माझी चार प्रकरणं व्हायची तेव्हा त्यांचं एक. एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी सहज विचारलं, “काल काय वाचलं तुम्ही?” मी प्रकरणाचं नाव सांगितलं. “त्यात काय होतं?” त्या म्हणाल्या. मला दोन वाक्यंसुद्धा धड बोलता आली नाहीत. त्या क्षणी मला पऱ्हाटीतलं ते फूल आठवलं.

पुढे या विषयावरचं मिळेल ते वाचलं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. माझं सगळं शिक्षण त्या पाच मिनिटांत झालं होतं. पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी असायचा, म्हणून ते कधी उघडं पडलं नाही.

ज्यांच्या समाधीजवळ मी राहत होतो ते गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते, पण त्यांचं कीर्तन प्रश्नांवर चालायचं. वऱ्हाडीत समोरच्यांना विचारायचे आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढून घ्यायचे. स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर माणूस घरी घेऊन जातो, हे त्यांनी कोणत्याही प्रयोगाशिवाय ओळखलं होतं. मी त्या रस्त्यानं रोज जात होतो आणि माझ्या डोक्यात ही गोष्ट आली नव्हती.

नवी सवय लावताना त्रास झाला. पुस्तक मिटलं की कागद कोराच राहायचा. जे आलं असं वाटत होतं त्यातलं निम्मं चुकीचं निघायचं, आणि तो अपमान रोज सहन करावा लागायचा. पेनं मी एका मित्राला देऊन टाकली. आज वाचलेलं उद्या न बघता लिहायचं, मग आठवड्यानं पुन्हा. पानं कमी होऊ लागली, तासही कमी झाले. शेतीचं पुस्तक घरी नेऊन बांधावर वाचू लागलो. एखाद्या किडीचं वर्णन वाचायचं, पुस्तक ठेवायचं आणि ती झाडावर शोधायची. सापडत नसे तेव्हा बाबा दाखवायचे. त्यांना तिचं नाव माहीत नसायचं, ती पानाच्या कोणत्या बाजूला असते ते माहीत असायचं.

डोमकळीच्या त्या पानावर लाल रेघ होती, हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. आता सांगायला हवं.

मी राज्यसेवेत गेलो नाही. कृषी क्षेत्रातच काम करतो आणि हंगामात गावोगावी शेतकऱ्यांच्या बैठका घेतो. २०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पर्याय गेले, आता कोऱ्या कागदावर लिहायचं आहे. आमच्या गावचा एक मुलगा तिची तयारी करतो. मध्यंतरी तो माझ्या नोट्स मागायला आला. मी त्याला प्रकरण वाचून रविवारी यायला सांगितलं. रविवारी आला तेव्हा पुस्तक मी माझ्याकडे घेतलं आणि त्याला सांगायला लावलं. दुसऱ्या मुद्द्यावर तो अडला, लाजला, थोडा चिडलाही. “नोट्स दिल्या असत्या तर दोन दिवसांत झालं असतं, दादा,” तो म्हणाला. मी पुस्तक परत दिलं आणि पुढच्या रविवारची वेळ ठरवली. नोट्स दिल्या नाहीत.