हिरवं पाणी, वाळूचा फिल्टर आणि एक लिटरची बाटली

मार्च लागला की मेसेज सुरू होतात, "शेततळ्याचं पाणी हिरवं झालंय, काय टाकू?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पण सुरुवात फिल्टरपासून करतो, औषधाचं नंतर. शेवाळ तळ्यात आहे तोवर फारतर डोळ्याला खुपतं. ठिबकमध्ये शिरलं की खिशाला.

आमच्या सांगोल्याकडं आंबे बहाराच्या डाळिंबाचं फळ एप्रिल-मे मध्ये फुगत असतं. झाडाला चार ड्रीपर, त्यातले दोन तुंबले तरी झाड लगेच सुकत नाही, त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही. एका बाजूची मुळी मात्र कोरडी पडते. मग वळवाचा एक सडाका आला की फळं तडकायला लागतात. तडकलेल्या फळाला व्यापारी हात लावत नाही. वर्षाची कमाई त्या दोन ड्रीपरांवर अडकलेली असते, असं म्हटलं तरी चालेल.

फिल्टर घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार जाळीचाच फिल्टर गळ्यात मारत होता. "दादा, १२० मेशचा आहे, काय जाणार त्यातून?" १२० मेश म्हणजे साधारण १३० मायक्रॉन, बरोबर. विहिरीच्या स्वच्छ पाण्याला तो पुरतो. पण शेवाळ म्हणजे खडा नव्हे. मऊ, बुळबुळीत, लांब धागा असतो. पाण्याचा दाब पाठीमागून आला की तो वाकून जाळीतून पलीकडं जातो, नाहीतर जाळीवर साय धरल्यासारखा थर बसतो आणि अर्ध्या तासात दाब पडतो. मग फिल्टर उघडा, ब्रशनं घासा, परत लावा. लाईट रात्रीची असेल तर हे कोण करणार?

हायड्रोसायक्लोन तर इथं कामाचाच नाही. तो पाणी गरगर फिरवून जड वाळू खाली पाडतो, बोअरला उत्तम. शेवाळ पाण्याइतकंच हलकं, ते पाण्याबरोबर निघून जातं. डिस्कचा फिल्टर जाळीपेक्षा बरा, चकत्यांच्या खाचांत घाण अडकते; पण चिकट शेवाळ त्या खाचांतून काढताना जीव जातो.

उघड्या पाण्याला वाळूचाच फिल्टर. वाळूच्या पूर्ण जाडीत शेवाळ अडकत जातं, एकाच थरावर भार येत नाही. आणि त्याच्या पुढं जाळीचा किंवा डिस्कचा लावायचाच, कारण कधी वाळूचा कण निसटला तर तो ड्रीपरमध्ये जाऊन बसू नये. मापाचा हिशोब सोपा आहे. माझी दीड एकर बाग, १४ बाय १० फुटांवर, म्हणजे साधारण ४६५ झाडं. झाडाला ४ लिटरचे चार ड्रीपर, म्हणजे तासाला १६ लिटर. एकूण साडेसात हजार लिटर. मी तासाला १० घनमीटरचा घेतला, थोडी सवड ठेवून.

फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन प्रेशर गेज हवेतच. यात काटकसर करू नका. वाळू स्वच्छ असताना दोन्हीत किती फरक आहे तो भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. तो फरक अर्ध्या किलोपर्यंत जायच्या आतच बॅकवॉश करा. बॅकवॉशचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात धरायचा. बोटाला वाळू लागली तर जोर जास्त झाला, व्हॉल्व्ह थोडा आवळा. फारच कमी उघडला तर वाळू उचलली जात नाही, घाण तिथंच राहते. पाणी नितळ येईपर्यंत थांबायचं, उगाच पाच मिनिटं म्हणून घड्याळ बघायचं नाही.

आणि फूटव्हॉल्व्ह तळाशी टाकू नका. तळाला गाळ, वर शेवाळाची साय. रिकाम्या ड्रमला बांधून पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर तरंगता ठेवला, की फिल्टरचं निम्मं काम तिथंच होतं.

आता शेवाळ मुळात येतं का? भाचा पुण्यात काचेच्या टाकीत मासे आणि पाणवनस्पती पाळतो. तो म्हणाला, "मामा, फिल्टर घाण काढतो, शेवाळ थांबवत नाही. शेवाळ थांबतं उजेड आणि खत कमी केल्यावर." तो दिवा आठच तास लावतो, आणि टाकीत झाडं दाट ठेवतो म्हणजे पाण्यातलं खत ती आधी खातात. आपल्या तळ्याला दिव्याचं बटण नाही. पण खत आपल्या हातात आहे. बांधावरून शेणखताचं पाणी तळ्यात उतरू द्यायचं नाही. व्हेंच्युरीला आणि पंपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावायचा, नाहीतर लाईट गेली की खताचं पाणी उलट तळ्यात जातं. शेडनेट वर ओढलं तर उजेड कमी आणि बाष्पीभवनही कमी. खर्च मात्र दणदणीत.

मोरचुदाबद्दल. हजार लिटरला १ ग्रॅम हा हिशोब. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, एकास एक उतार धरला तर भरलेलं असताना साधारण २२ लाख लिटर, म्हणजे सव्वादोन किलोच्या आत. पण मार्चमध्ये तळं भरलेलं कुठं असतं? आधी आत्ता आहे ते पाणी मोजा. आपलं पाणी क्षारयुक्त असेल तर मोरचुदाचा जोर कमी पडतो, म्हणून लोक दुप्पट ओततात. ते तांबं शेवटी जमिनीतच साठतं. मासे असतील तर मी हात लावणार नाही. मोरचूद माशाला विषारी आहेच, शिवाय सगळं शेवाळ एकदम मेलं की ते सडताना पाण्यातला प्राणवायू खातं. मासे नसले तरी टाकल्यावर काही दिवस जाळी जास्त वेळा बघा, मेलेलं शेवाळ लोंढ्यानं येतं. पाण्यावर निळसर-हिरवा रंग सांडल्यासारखी साय आणि उग्र वास असेल तर जनावरांना ते पाणी पाजू नका, त्यातलं काही शेवाळ विषारी असतं.

मासे सोडून शेवाळ जातं का, हेही विचारतात. चंदेरा पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो, गवत्याला पाणगवत आवडतं. थोडी मदत होते. पण मासा जे खातो त्याचं खत पाण्यातच टाकतो. सायप्रिनस मात्र टाळा, तळ उकरून गाळ वर आणतो.

बाग तपासायची पद्धत: १ लिटरची बाटली. ४ लिटरचा ड्रीपर १५ मिनिटांत ती बरोबर भरतो. प्रत्येक लॅटरलच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एक बाटली लावा. शेवटची बाटली पाऊण भरली तर आधी एंड कॅप काढून लाईन धुवा. माझ्याकडं मागच्या वेळी ओढ्याकडच्या दोन लाईनींत ८०० मिलीच आलं होतं. धुतल्यावर ९५०. रविवारी परत लावतोय, आकडे इथंच टाकतो. तुमचेही टाका, कुठला फिल्टर आहे ते लिहून.