रस्त्यावर उघडणारं दार

डेटाबेस जोडला जात नसला की मी आधी नकार कसा येतोय ते बघते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं, तर बहुधा मशीनपर्यंत आपण पोचलोय, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी नाही. पंधरा सेकंद नुसती शांतता आणि मग ‘टाइमआउट’ आलं, तर पॅकेट वाटेतच कुणीतरी गिळतंय.

सांगलीच्या घरी नवं फायबर घेतलं त्या रात्री अशीच शांतता होती. एका पतसंस्थेच्या ठेवींवरचं व्याज सकाळी काउंटर उघडायच्या आत दुरुस्त करायचं होतं. पासवर्ड पाहिला, सर्व्हरची फायरवॉल पाहिली, त्यात तास गेला. शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, तर पहिल्या झटक्यात जोडलं गेलं. म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ हा पोर्ट घरच्या लाइनवरच अडवलेला. कस्टमर केअरनं राउटर बंद करून चालू करायला सांगितलं.

मी चिडले खरी, पण अशी अडवणूक कुठून आली हे मला माहीत होतं. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर हा वर्म एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ या यूडीपी पोर्टवरून सुटला. जेमतेम ३७६ बाइटचा, पण सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होता. दहा मिनिटांत त्यानं बहुतेक कच्ची यंत्रं गाठली. त्यावरचा पॅच जुलै २००२ मध्येच आलेला होता. लोकांनी लावलाच नव्हता. मग काही इंटरनेट कंपन्यांनी एसक्यूएल सर्व्हरचे पोर्टच अडवून टाकले.

पोर्टचा आकडा बदलून त्या रात्रीचं काम भागलं असतं. पण नवा आकडाही स्कॅनरला सापडतोच, म्हणून ते मला पटेना. डेटाबेसशेजारच्या लिनक्स मशीनवर एसएसएच होतं. त्यातून टनेल काढला: माझ्या लॅपटॉपवरचा १४३३०, तिथून थेट डेटाबेसचा १४३३. लॉगिनच्या चौकटीत सर्व्हरचं नाव लिहिलं १२७.०.०.१,१४३३०. इथे कोलन नाही, स्वल्पविराम लागतो. त्या स्वल्पविरामानं आमच्याकडच्या कितीतरी नव्या मुलांना रडवलंय.

व्याज पहाटे तीनला जुळलं. मग सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये १४३३ बाहेरच्या जगाला बंद केला, फक्त त्या शेजारच्या मशीनला ठेवला. झोपण्याआधी एरर लॉग उघडला. ‘एसए’ या एसक्यूएल सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या नावानं फसलेली लॉगिनं, वेगवेगळ्या अनोळखी आयपींवरून, मिनिटामिनिटाला, पानंच्या पानं. शेवटची ओळ तीन वाजून बारा मिनिटांची होती. त्यानंतर काही नाही.